पाखरजाईचे नाव आकाशातून उतरले त्याची बखर

श्री गगनस्वामी साक्ष. वाट दाखविणारी आणि चुकल्यास मागे फिरविणारी जी देवता, तीस प्रथम नमन, मग कागदास नमन, मग शाईस. राज्याभिषेक शके एकाहत्तर, विरोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवशी हुजुरांनी आज्ञा केली की, पाखरजाईचे नाव आकाशातून उतरले ते कोणे प्रकारे उतरले, आणि मधली दोन वर्षे एका डोंगराची दोन नावे कशी नांदली, ते साद्यंत लिहून आणावे. त्यावरून लिहिणाराने लिहिले. लिहिणाराचे नाव पुसू नये. या दफ्तरात लिहिणारास नाव नसते, "अहो लिहिणार" इतकेच असते, आणि तेवीस वर्षे तितक्यावर भागले आहे.

राज्य थोर. जमिनीवर गड, कोट, बंदरे, बाजार, आणि वर आकाश, तेही आपलेच. आकाशात विमाने चालत, आणि विमानास वाट लागते, आणि आकाशात ना दगड, ना झाड, ना पाणपोई, म्हणोन पूर्वजांनी आकाशात जागोजागी ठिकाणे नेमिली आणि त्यांस नावे दिली, जेणेकरून विमानसरदाराने म्हणावे की अमके ठिकाण मागे पडले, आता उतरणीस लागतो. ही नावे दोन जागी लिहिली जात. एक कागदावर, त्यास उतरणीचा नकाशा म्हणत, तो सरदाराच्या मांडीवर असे. दुसरी जागा वाटयंत्र, ते विमानात सरदाराच्या डोळ्यांपुढे बसविलेले असे, आणि त्याच्या पोटात सगळ्या ठिकाणांची यादी भरलेली असे. नकाशा नकाशेखान्यात होई, तेथे दारोगे नरहरपंत टेंबे. यंत्राची यादी यंत्रखान्यात भरीत, तेथे दारोगे शहाबुद्दीन मुजावर. दोघेही कामाचे, दोघेही सचोटीचे, आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे पंधरा वर्षे बंद. कारण पुसता दोघांसही आठवेना. दोन्ही खाने एका अंगणात, मध्ये एक चिंचेचे झाड, आणि चिंचा कोणाच्या याचाही निवाडा नाही, म्हणोन त्या दरसाल झाडाखाली कुजून जात.

आता राज्याची एक चाल सांगणे आहे, तीविना पुढील मजकूर समजणार नाही. थोरले महाराज सांगून गेले होते की, ठिकाणाचे नाव कागदावरून काढणे तर जो त्या ठिकाणाची राखण करितो त्याने ते आपल्या मुखाने सोडावे. ठिकाणावर उभे राहून नाव तीन वेळा हाकारावे, आणि आकाशखात्याच्या दुसऱ्या कोणा चाकराने ते ऐकून "ऐकिले" ऐसे म्हणावे, आणि मग दोघांच्या निशाण्या कागदावर पडाव्या, म्हणजे नाव गेले. यास नामत्याग म्हणत. "माणूस जाता तिलांजली देतो, मग नाव जाता एक हाकही देऊ नये काय?" ऐसे महाराज बोलिले होते. यंत्राविषयी महाराज काही बोलिले नाहीत, कारण महाराजांचे वेळी यंत्र नव्हते.

उत्तरेस घाटमाथ्यावर पाखरजाई म्हणोन डोंगर आहे. वर देवीचे ठाणे, चार दगडांचे, उघडे, त्यास एक घंटा, आणि शेजारी सरकारी पत्र्याची खोली. खोलीत खुणेचे यंत्र, ते आठही प्रहर आकाशात टकटक धाडी, आणि एक बिनतारी, तीवर वरच्या सरदाराचे बोलणे खाली येई आणि खालचे वर जाई. या चौकीवर नाईक धुळाजी शेडगे. मेंढपाळाच्या घरचा, उमर पंचावन्न, उंच, सडसडीत, कान तीक्ष्ण. बायको वारून नऊ वर्षे झालेली, लेक दोन खोरी पलीकडे दिलेली, तिचा निरोप दिवाळीस येई. सोबतीस चांदी नावाची शेळी. महिन्याने कोठीखात्याचा घोडेवाला शिधा घेऊन येई, तो मुका नव्हता परंतु सदा घाईत असे, आणि "बरं हाय ना?" ऐसे पुसून उत्तर यावयाच्या आत घोडा वळवी.

पूर्वी यंत्रे साधी होती, त्या काळी धुळाजीस करमत असे. दर सरदार माथ्यावर येताच पुसे, "पाखरजाई, मी दिसतो का?" आणि धुळाजी सांगे, "दिसता, साहेब," किंवा सांगे, "ढग हाय, पर आवाज बरोबर हाय." मग शहाणी यंत्रे आली आणि ती सरदारास आपणच सांगू लागली की तू कोठे आहेस, आणि धुळाजीस पुसणे राहिले. चौकीचा नियम ऐसा की, नाइकाने बिनतारीवर आपण होऊन बोलू नये, पुसल्यास बोलावे. आता कोणी पुसेना, मग हा बोलणार कोणाशी? सहा वर्षे माथ्यावरून विमाने गेली, रोज चार, कधी पाच, आणि त्या सहा वर्षांत बिनतारीवर त्यास उद्देशून सतरा वाक्ये आली. ती सतराही त्याने मजला म्हणून दाखविली. त्यांतील एक "चुकून बोललो, माफ करा" ऐसे होते.

मग शके एकोणसत्तरात यंत्रखान्यात नवी वाटयंत्रे आली, ती समुद्रापलीकडची, आणि त्यांस आखूड आणि अर्थ नसलेली नावेच चालत. म्हणोन शहाबुद्दीन मुजावर यांनी यादीतून पाखरजाई काढिले आणि तेथे लुमाक घातले. लुमाक म्हणजे काय, ऐसे मी त्यांस पुसिले. ते बोलिले, "काही नाही. तोच त्याचा गुण. अर्थ असला की त्या नावाची तीन गावे निघतात." मग त्यांनी अंगण न ओलांडता जासुदाहाती खलिता धाडिला की, इकडे लुमाक केले, तिकडेही करावे. नरहरपंतांनी त्याच जासुदाहाती उत्तर धाडिले की, नामत्यागाविना कागदावरून नाव काढणे ही थोरल्या महाराजांची बेअदबी आहे, ती आमचे हातून होणार नाही. आणि धुळाजीस पत्र केले की, नाव सोडावे. धुळाजीने लिहिले, "नाव सोडाया तयार हाय. पर माथ्यावर म्या आन् शेळी. ऐकनार कोन? साक्षीदार धाडा." मग साक्षीदार कोणी धाडावा यावर बोलाचाली पडली. नरहरपंत म्हणत, नाव यंत्रखान्याने बदलिले, मनुष्य त्यांनी द्यावा. शहाबुद्दीन म्हणत, नाव कागदावरून काढणे आहे, मनुष्य कागदवाल्यांनी द्यावा. दोघांस भय एकच की, ज्याचा मनुष्य गेला त्याची चूक ठरली. ऐशी दोन वर्षे गेली आणि डोंगर मांडीवर पाखरजाई राहिला आणि डोळ्यांपुढे लुमाक.

आणि येथे एक गोष्ट घडली, ती कोणाच्या ध्यानात नव्हती. सरदार माथ्याजवळ येई, नकाशा पाहे, तर लिहिलेले की पाखरजाई मागे पडल्यावर उतरावे. यंत्रात पाहे, तर पाखरजाई नाही. मग तो बुचकळ्यात पडे, आणि बुचकळ्यात पडला म्हणजे मनुष्य पुसतो. पहिले दिवशी चौघांनी पुसिले. "पाखरजाई, नकाशात तुम्ही आहात, यंत्रात लुमाक आहे. एकच का?" आणि धुळाजीने भाकर हातातली टाकून सांगितले, "येकच हाय, साहेब. नावं दोन, डोंगुर येकच." सहा वर्षांनी मनुष्याने त्यास प्रश्न केला आणि त्याने उत्तर दिले आणि ते उत्तर उपयोगी पडले. त्याने मजला सांगितले की, त्या दिवशी त्याने चांदीस दोनदा गूळ दिला.

पुढे सरदार मंडळी शिकली आणि पुसणे कमी झाले. तरी नवा कोणी वाटेस लागला म्हणजे पुसे, महिन्यास दोन तीन. आणि एक जुनी सरदारीण होती, आवडाबाई काटकर, ती सोमवारी आणि गुरुवारी टपालाचे विमान घेऊन जाई, ती मात्र दर खेपेस पुसे. "पाखरजाई, आवडाबाई बोलते. नकाशात पाखरजाई, यंत्रात लुमाक. एकच ना, नाईक?" आणि धुळाजी म्हणे, "येकच हाय, बाईसाहेब." मग ती म्हणे, "आणि चांदी?" मग तो म्हणे, "चांदीबी येकच हाय." बिनतारीवर कामाविना बोलणे मना, परंतु प्रश्न कामाचा होता, आणि त्याच्या शेपटाला शेळी बांधून जाई, त्यास कोण काय म्हणणार? ऐशी तिने दोन वर्षांत दोनशेच्या वर खेपा एकच गोष्ट पुसली. मी तिला राजधानीत गाठून विचारिले की, आपणास उत्तर पहिले दिवशीच कळले होते, मग हे कशास? ती हातमोजे काढीत बोलली, "वर तरी माझ्याशी कोण बोलतं हो? यंत्र वाट सांगतं. तू जेवलीस का, असं नाही विचारत."

धुळाजी खुळा नव्हता. त्यास कळत होते की, नाव सोडिले की नकाशा आणि यंत्र एक होणार, आणि एक झाले की कोणी पुसणार नाही. त्यास हेही कळत होते की, दोन नावे ही डोंगराळ वाटेवर चांगली गोष्ट नव्हे. तरी त्याने साक्षीदार नाही हे जे पहिले पत्री लिहिले, तेच पुढे सहा पत्री लिहिले. आणि आवडाबाई आकाशखात्याची चाकर, ती हप्त्यास दोनदा डोक्यावरून जात होती, तिने "ऐकिले" म्हटले असते तर नामत्याग पहिल्याच महिन्यात झाला असता. हे त्याचे ध्यानात पहिले दिवसापासून होते आणि त्याने तिला पुसिले नाही. मी त्याचा कैवार घेत नाही. परंतु मीही तेवीस वर्षे एका खोलीत लिहीत बसतो, आणि दाराशी कोणी आले की चुकीचे दफ्तर काढून देतो, म्हणजे त्यास पुन्हा यावे लागते.

मग श्रावण वद्य सप्तमी, दोन प्रहर टळलेले, डोंगरावर ढग बसलेला, ऐसा की खोलीच्या दारातून देवीचे ठाणे दिसेना. ते वेळी जानराव धुमाळ म्हणोन तरुण सरदार, प्रथमच त्या वाटेस, त्रेसष्ट माणसे घेऊन येत होता. हुशार, चपळ, आणि त्यास एकच आजार की पुसणे म्हणजे कमीपणा. त्याच्या तुकडीत चाल होती की, नव्या सरदाराने बिनतारीवर कोणास काही पुसिले तर परतल्यावर बाकीचे त्याचे बोट धरून भोजनास नेत, लहान पोरास नेतात तैसे, आणि हसत. जानरावाने नकाशा पाहिला, तर पाखरजाई मागे पडल्यावर उतरावे ऐसे लिहिलेले. यंत्रात पाखरजाई नाही. यंत्रात डोंगराच्या नऊ कोस अलीकडे गोसेप, तेही नवे आणि नकाशात नाही, आणि डोंगरावर लुमाक, आणि दोन्हींस अर्थ नाही, मग कोणते ते कसे ओळखावे? शेजारी बसलेला दुय्यम म्हणाला, "खाली विचारू का?" जानराव म्हणाला, "नको. पहिलं येतंय तेच असणार. गोसेप म्हणजेच पाखरजाई." आणि गोसेप मागे पडताच तो उतरणीस लागला. डोंगर अजून पुढे होता, आणि जानरावाच्या मते तो मागे गेला होता.

खाली धुळाजीने आवाज ऐकिला. ओळखीचा नव्हता, म्हणजे सरदार नवा, म्हणजे पुसणार. त्याने हात पुसले, घसा साफ केला, बिनतारीचे बोलके हातात घेतले आणि उभा राहिला. "आत्ता इचारल, मग इचारल, असं म्हनत हुतो," ऐसे तो मजला बोलिला. प्रश्न आला नाही. आवाज वाढला. मग त्याचे ध्यानात आले की, रोजचा आवाज छपरावरून येतो आणि हा दारातून येत आहे. नाइकाने आपण होऊन बोलू नये हा नियम त्याने एकवीस वर्षे मोडिला नव्हता, आणि तो मोडावयास त्यास जितका वेळ लागला तितक्यात विमान आणखी एक कोस आले. मग तो ओरडला, "वर घ्या! साहेब, वर घ्या! डोंगुर म्होरं हाय, तोंडाम्होरं हाय, वर घ्या वर!"

जानरावाने वर घेतले. विमान ढगातून निघाले ते छपरावरूनच गेले, आणि खोलीचे पाच पत्रे उडाले, देवीची घंटा आपोआप वाजली आणि वाजत राहिली, आणि चांदी दावे तोडून खोऱ्यात पळाली. त्रेसष्ट माणसे वर गेली आणि वाचली. त्यांतील बहुतेकांस वाटले की सरदाराने हौसेने झोका दिला. मग जानरावाचा आवाज आला, कोरडा. "पाखरजाई... म्हणजे लुमाकच का?"

दोन वर्षे ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला, आणि धुळाजीचे तोंड उघडेना. वरून दुय्यमाने पुन्हा पुसिले. तेव्हा तो म्हणाला, "व्हय. येकच हाय," आणि मग उडालेल्या छपराखाली, पावसात, जमिनीवर बसला. त्या दिवशी तो शेळी शोधावयासही गेला नाही. ती दुसरे दिवशी आपण होऊन आली.

तिसरे दिवशी गुरुवार. आकाश धुतलेले. आवडाबाईचे विमान आले आणि तिने नेहमीप्रमाणे आरंभ केला, "पाखरजाई, आवडाबाई बोलते. नकाशात पाखरजाई..." धुळाजीने तिला पुरते बोलू दिले नाही. तो म्हणाला, "बाईसाहेब, आज जबाब न्हाई देत. येक काम हाय. ऐकाल का?" आणि त्याने सर्व सांगितले. "साक्षीदार न्हाई म्हनून सात येळा लिवलं म्या. तुमी हप्त्याला दोनदा डोस्क्यावरनं जात व्हता. म्या इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तुमचं इचारनं सरलं असतं." मग ती म्हणाली, "मागे माणसं नाहीत, टपालच आहे. एक फेरी घेते. बाहेर या, नाईक." आणि तिने डोंगरास वळसा घातला. धुळाजी बिनतारीची तार ताणता आली तितकी ताणून दाराबाहेर आला आणि देवीकडे तोंड करून त्याने हाकारिले, "पाखरजाई!" आणि हाक दरीत गेली. मग दुसऱ्यांदा हाकारिले, "पाखरजाई!" मग तिसरी हाक द्यावयाची होती ती निघेना, तो थांबला, विमानाने दुसरा वळसा घेतला, आणि मग तो हाक नव्हे तर घरातल्या मनुष्यास बोलवावे तैसे म्हणाला, "पाखरजाई." आणि वरून ती म्हणाली, "ऐकिले."

मग धुळाजी म्हणाला, "आता काय इचारनार तुमी?" ती म्हणाली, "आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही, नाईक." तो म्हणाला, "व्हय." मग ती गेली, आणि उतरल्यावर तिने आपली निशाणी कागदावर केली. साक्षीदाराचे ठिकाण लिहावे तेथे तिने "आकाशातून" ऐसे लिहिले आहे. तो कागद माझे हातून दफ्तरी दाखल झाला.

हे सर्व दरबारात कळले ते छपराच्या पत्र्यांमुळे. धुळाजीने पाच पत्रे मागितले, आणि मागणीच्या कागदावर कारण लिहावे लागते, तेथे त्याने खरे लिहिले. मग भाद्रपदात चौकशी बसली. नरहरपंतांनी आपली सर्व पत्रे मांडिली, ती निर्दोष. शहाबुद्दीन यांनी आपली मांडिली, तीही निर्दोष. हुजूर बोलिले, "दोघेही निर्दोष, आणि त्रेसष्ट माणसे थोडक्यात वाचली. ऐसा निर्दोषपणा शत्रूसही न मिळो." आणि निवाडा दिला की, दर अठ्ठाविसावे दिवशी दोन्ही दारोग्यांनी चिंचेखाली समोरासमोर बसावे, एकाने नकाशावरील नावे मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने यंत्रातील यादी पाहून दर नावास "ऐकिले" म्हणावे. जानरावास सहा मास जमिनीवर ठेविले, आणि बोट धरून नेण्याची चाल बंद केली. धुळाजीचे नाव निघाले तेव्हा कोणी शिक्षा सुचविली. हुजूर बोलिले, "त्यास काय दूर पाठवावे? त्याहून दूर आपल्यापाशी जागा नाही." आणि पत्रे मंजूर केले.

दारोगे चिंचेखाली बसू लागले. पहिले दिवशी नावांखेरीज शब्द नाही. दुसरे खेपेस नरहरपंतांस ठसका लागला आणि शहाबुद्दीन यांनी पाणी पुढे केले. आता ते ठरल्या दिवसाआधीच बसतात, आणि यंदा चिंचा कुजणार नाहीत ऐसे दिसते. बरे झाले. परंतु मजला त्यांजकडे पाहून राग येतो, तो का येतो हे कळते, आणि तरी जात नाही.

मग आश्विनात, निवाड्याच्या कागदांस जोडावयास, मजला धुळाजीची जबानी घेण्यास डोंगरावर धाडिले. तीन दिवस राहिलो. नवे पत्रे चकचकीत होते. त्या तीन दिवसांत तेरा विमाने माथ्यावरून गेली, आणि बिनतारी एकदाही बोलली नाही. नकाशात लुमाक, यंत्रात लुमाक, पुसावयाचे काय? दर विमानास धुळाजी उठे, बोलके हातात घेई, आवाज विरेपर्यंत धरी, आणि परत ठेवी. मी म्हणालो, "कोणी बोलणार नाही, हे ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ठावं हाय. पर येखादा चुकला तर?" सोमवारी एक विमान आले, तो म्हणाला, "आवडाबाई." ढग होता. आवाज आला तैसा गेला. मी पुसिले, "काही खूण केली का?" तो म्हणाला, "पंख हालवलं आसंल. ढगात कसं दिसनार?" आणि शेळीस पाला घालावयास गेला.

पहिलेच दिवशी, मी दौत उघडून बसलो आणि "नाव, उमर, नोकरीची वर्षे" ऐसे पुसू लागलो, तर त्याने सर्व सांगून झाल्यावर मजला पुसिले, "आन् तुमचं नाव काय?" मी म्हणालो, "लिहिणार." तो म्हणाला, "ते काम झालं. नाव?" माझ्याने लवकर सांगवेना. मग सांगितले. ते त्याने दोनदा आपल्याशी म्हटले, आणि पुढे तीन दिवस तेच नाव घेऊन बोलला, भाकर खाता का, वारा लागतो का, दार लोटू का. ते नाव येथे लिहीत नाही, दफ्तराची चाल आहे.

तात्पर्य, शके एकाहत्तरात डोंगराची दोन नावे होती त्यांचे एक झाले, कागद आणि यंत्र यांचा मेळ बसला, वाट निर्धोक जाहली, दोन दारोग्यांचे वैर मिटले, आणि हे सर्व योग्य जाहले, यात लिहिणारास संशय नाही. चौथे दिवशी मी डोंगर उतरू लागलो. तिसऱ्या वळणावर आलो तो माथ्यावरून हाक आली, माझ्या नावाने, एकच. तीन आल्या असत्या तर अर्थ निराळा होता. मी थांबून दुसरीची वाट पाहिली, ती आली नाही. मग मी तोंड वर करून "ऐकिले" म्हणालो. वारा समोरचा होता, वर पोहोचले की नाही याचा पुरावा दफ्तरात नाही.